काय कळायला नको?

अक्कलदाढ काढायला आलेला माणूस भुलेबद्दल बोलतो ते बहुधा एकाच वाक्यात. "मॅडम, मला काही कळायला नको." तासगावचा द्राक्षबागायतदार असो, सांगलीच्या बँकेतल्या अधिकारी बाई असोत की अथणीहून आईबरोबर आलेला कॉलेजचा मुलगा, वाक्य ठरलेलं. मी भूलतज्ज्ञ आहे. सांगली-मिरजेत आमच्यातले बरेचजण आपली बॅग घेऊन या हॉस्पिटलमधून त्या हॉस्पिटलमध्ये जातात. सकाळी सिझेरियन, दुपारी हाडाचं ऑपरेशन, संध्याकाळी मुखशल्यचिकित्सकांकडे जबडा नाहीतर दाढ. यांत दाढेचं काम सगळ्यांत किरकोळ मानलं जातं. मला मात्र तिथे जास्त विचार करावा लागतो. सिझेरियनला कोणती भूल हे जवळजवळ ठरलेलं असतं. दाढेला ते समोरच्या माणसाशी बोलून ठरवावं लागतं.

कारण "काही कळायला नको" म्हणणाऱ्या प्रत्येकाला वेगळी गोष्ट नको असते. कुणाला दुखायला नको असतं. कुणाला दुखण्याचं फारसं काही वाटत नाही, पण सुई बघितली की घाम फुटतो. कुणाला ड्रिलचा आवाज सोसत नाही. कुणाला चेहऱ्यावर कापड टाकून, तोंड उघडं ठेवून, बोलता येत नाही अशा स्थितीत अर्धा-पाऊण तास पडून राहणं नकोसं होतं. आणि कितीतरी जणांचा लहानपणी कुणीतरी हातपाय धरून दात काढलेला असतो, तो दिवस त्यांना पुन्हा नको असतो. या प्रत्येकाला मी एकच भूल दिली तर कुणाला ती कमी पडेल आणि कुणाला विनाकारण जास्त होईल. म्हणून फॉर्म भरायच्या आधी मी विचारते, "तुम्हाला नेमकं काय कळायला नको?" सुरुवातीला माणसं गोंधळतात. मग बोलायला लागतात. त्या बोलण्यातून माझा निम्मा निर्णय होतो.

बहुतेक अक्कलदाढांना माझी गरज नसते, हे आधीच सांगते. तेवढीच जागा बधिर करून त्या निघतात आणि चांगल्या निघतात. वरच्या जबड्याचं हाड सच्छिद्र असतं. हिरडीत औषध सोडलं की ते हाडातून झिरपत मुळापर्यंत जातं. खालच्या जबड्याचं हाड दाट, तिथे हे जमत नाही. म्हणून नस जबड्यात शिरते त्या तोंडाशीच, जबड्याच्या उभ्या भागाच्या आतल्या अंगाला, तिला गाठावं लागतं.

मी ज्या मुखशल्यचिकित्सकांबरोबर सर्वांत जास्त काम करते, त्यांचा हात मला बघत राहावासा वाटतो. डाव्या हाताचा अंगठा जबड्याच्या पुढच्या कडेवरून फिरतो आणि तिथल्या खोलगट जागेवर स्थिरावतो. सुई समोरच्या बाजूच्या उपदाढांवरून तिरकी येते, दोन-अडीच सेंटिमीटर आत जाते आणि हाडाला हलकेच टेकते. मग ती केसभर मागे घ्यायची आणि दट्ट्या ओढून बघायचा. रक्त आलं तर सुई रक्तवाहिनीत आहे, जागा बदलायची. नाही आलं तर औषध सोडायचं, तेही सावकाश, मिनिटभर वेळ घेऊन. भरकन सोडलेलं औषध स्वतःच दुखतं. "इंजेक्शनच फार लागलं" अशी तक्रार घेऊन माणसं येतात, तिच्यामागे पुष्कळदा घाई असते.

औषध म्हणजे २ टक्के लिग्नोकेन, सोबत ८०,००० भागांत १ भाग ॲड्रेनॅलिन. ॲड्रेनॅलिनने रक्तवाहिन्या आकसतात, त्यामुळे औषध जागेवर टिकतं आणि रक्तही कमी येतं. १.८ मिलिलिटरच्या एका कार्ट्रिजमध्ये ३६ मिलिग्रॅम लिग्नोकेन असतं. ॲड्रेनॅलिनसह ते किलोमागे ७ मिलिग्रॅमपर्यंत चालतं, म्हणजे एका दाढेला लागणारी एक-दोन कार्ट्रिज मर्यादेच्या खूप आत आहेत. पाचेक मिनिटांत खालचा अर्धा ओठ जड होतो, मग जिभेची तीच बाजू. तरी काम संपलेलं नसतं. दाढेच्या गालाकडच्या हिरडीची नस वेगळी आहे, तिला वेगळं थोडं औषध द्यावं लागतं. ते राहिलं तर ओठ पूर्ण बधिर असूनही चिरा देताना पेशंट दचकतो आणि मग पुढचा अर्धा तास त्याचा विश्वास बसत नाही.

हे लिग्नोकेन स्वीडनमध्ये निल्स लोफग्रेन यांनी १९४३ मध्ये तयार केलं. त्यांचे तरुण सहकारी बेंग्ट लुंडक्विस्ट यांनी ते स्वतःला टोचून पाहिलं. त्याच्या सुमारे साठ वर्षं आधी, १८८४ मध्ये, न्यूयॉर्कच्या विल्यम हालस्टेड आणि त्यांच्या सोबत्यांनी जबड्याच्या याच नसेजवळ कोकेन सोडून जबडा बधिर करून दाखवला होता. स्वतःवर प्रयोग करता करता हालस्टेड कोकेनच्या आहारी गेले. आज दहा मिनिटांत बधिर होणाऱ्या ओठामागे माणसांनी स्वतःच्या देहावर घेतलेली एवढी जोखीम आहे, याबद्दल मला मनापासून कृतज्ञता वाटते.

आता या भुलेचं एक वैशिष्ट्य पेशंटला आधी सांगितलंच पाहिजे, आणि ते सांगितलं जात नाही. ती दुखणं थांबवते, पण दाब थांबवत नाही. वेदना वाहून नेणारे तंतू बारीक असतात, ते आधी गप्प होतात. दाबाची जाणीव नेणारे तंतू जाड असतात, ते बरेच जागे राहतात. हाड कापण्याचा आवाज तर हाडातूनच थेट कानात जातो. ज्याला हे माहीत नसतं त्याला दाब कळला की वाटतं, भूल उतरली, आता दुखणार. तो आक्रसतो, मान हलवतो, हाताने ढकलतो. ज्याला माहीत असतं तो शांत पडतो. मी सांगते, "जबड्यावर जोर येईल, कडकड आवाज येईल, तो दाढेचे तुकडे केल्याचा. टोचल्यासारखं, चटका बसल्यासारखं झालं तरच ते दुखणं. तसं झालं तर डावा हात वर करा, डॉक्टर थांबतील." आणि हात वर झाला की डॉक्टरांनी खरंच थांबायला हवं. एकदा थांबलेले दिसले की पुन्हा हात वर करायची वेळ फारशी येत नाही.

जत तालुक्यातल्या एका शाळेतल्या बाईंना माझ्याकडे पाठवलं ते "भुलेची ॲलर्जी, पूर्ण भूल द्यावी लागेल" या शेऱ्यासह. त्या म्हणाल्या, "मागे इंजेक्शन दिलं आणि छातीत एवढं धडधडलं की वाटलं, आता मी राहत नाही. हातपाय थरथरत होते." अंगावर पुरळ उठलं होतं का? नाही. ओठ, डोळे सुजले? श्वास कोंडला? नाही. किती वेळ चाललं? दोन-तीन मिनिटं, मग आपोआप थांबलं. ही ॲलर्जीची कहाणी नाही. इंजेक्शनमधलं थोडं ॲड्रेनॅलिन रक्तात गेलं असावं, किंवा भीतीने त्यांच्याच शरीराने ते सोडलं असावं, किंवा दोन्ही. लिग्नोकेनची खरी ॲलर्जी फार दुर्मीळ आहे. पण एकदा का केसपेपरवर "ॲलर्जी" लिहिलं गेलं की पुढचा प्रत्येक डॉक्टर हात मागे घेतो आणि माणूस नसलेल्या दुखण्यापायी मोठी भूल घ्यायला तयार होतो. त्या बाईंचा ईसीजी व्यवस्थित होता, रक्तदाबाचा त्रास नव्हता. मी मॉनिटर लावून शेजारी बसले. "थोडं धडधडेल, मी आकडा बघतेय, तुम्ही श्वास मोजा," असं सांगितलं. दट्ट्या ओढून, अगदी सावकाश औषध गेलं. नाडी ८४ वरून ९६ वर गेली आणि खाली आली. दाढ निघाली. जाताना मी त्यांच्या जुन्या कागदावर खुलासा लिहून दिला. त्या दिवशीचं माझं खरं काम तेवढंच होतं.

बधिरतेचं इंजेक्शन खरोखर कमी पडतं ते पू झालेल्या जागी. अक्कलदाढेवरची हिरडी सुजून येते, गाल फुगतो, तोंड बोटभर उघडतं, आणि माणूस सांगतो, "चार इंजेक्शनं दिली मॅडम, चढतच नाही." त्याचं म्हणणं खरं असतं. लिग्नोकेनचे रेणू दोन रूपांत असतात आणि त्यातलं भाररहित रूपच नसेच्या आवरणातून आत शिरतं. पू झालेल्या जागी आम्लता वाढलेली असते, त्यामुळे या रूपाचा वाटा घटतो. औषध जागेवर आहे, पण नसेच्या आत जात नाही.

मग नातेवाईक म्हणतात, "तर सरळ झोपवा की." इथे मला फार समजुतीने बोलावं लागतं. पूर्ण भूल दिली की श्वास थांबतो आणि तो माझ्या हाती येतो. मला श्वासनळीत नळी घालावी लागते, आणि त्यासाठी तोंड उघडणं लागतं. ज्याचं तोंड सुजेमुळे बोटभर उघडतं त्याला झोपवणं ही त्या क्षणी सर्वांत धोक्याची गोष्ट असते. म्हणजे जिथे लहान भूल चालत नाही तिथे मोठी भूल सोपी होत नाही, उलट जास्त अवघड होते. बऱ्याचदा उत्तर असतं थांबण्याचं. पू वाट करून काढायचा, अँटिबायोटिक द्यायचं, काही दिवसांत सूज बसते, तोंड उघडतं, आणि मग तेच इंजेक्शन चढतं. मात्र सूज जिभेखाली आणि गळ्याच्या दोन्ही बाजूंना उतरली, थुंकी गिळता येईना, आवाज घोगरा झाला, आडवं पडलं की गुदमरायला लागलं, तर थांबायचं नाही. अशा माणसाला रात्र असली तरी सर्व सोय असलेल्या मोठ्या हॉस्पिटलमध्ये न्यायचं. दाढेने माणूस दगावतो हे कुणाला पटत नाही, पण या मार्गाने दगावतो.

लहान आणि मोठ्या भुलेच्या मधली एक पायरी आहे, आणि आपल्याकडे ती फार कमी वापरली जाते याची मला खंत आहे. तिला आम्ही सिडेशन म्हणतो. बँकेतल्या ज्या बाईंचा उल्लेख वर केला, त्यांना सुईची भीती नव्हती, दुखण्याचीही नव्हती. चेहऱ्यावर कापड टाकलं की त्यांचा जीव घाबरा व्हायचा. खुर्चीत बसून दोनदा उठून गेल्या होत्या. दाढ सरळ होती, पंधरा-वीस मिनिटांचं काम. यासाठी पूर्ण भूल देणं मला पटेना. मी सलाइनमधून मिडॅझोलाम दिलं, एकेक मिलिग्रॅम, प्रत्येक वेळी थांबून. दुसऱ्या मिलिग्रॅमनंतर त्यांचे शब्द जरा लांबायला लागले, पापण्या अर्ध्यावर आल्या, मुठी सैल सुटल्या. "तोंड उघडा" म्हटलं की उघडत होत्या. मग नेहमीसारखं बधिरतेचं इंजेक्शन. ते लागतंच. सिडेशनने भीती जाते, दुखणं जात नाही. दाढ काढून टाके घातल्यावर त्या म्हणाल्या, "कधी सुरू करणार?" मिडॅझोलाम दिल्यानंतरचं मनावर उमटतच नाही.

हे विसरणं पेशंटला आवडतं. माझी मात्र त्याने जबाबदारी वाढते. त्या वेळी दिलेली कुठलीही सूचना त्यांना आठवणार नसते. म्हणून कापूस कधी काढायचा, थंड काय खायचं, गोळ्या कोणत्या, हे सगळं बरोबरच्या माणसाला सांगायचं आणि लिहून द्यायचं. बरोबर कुणी नसेल तर मी सिडेशन देत नाही. चोवीस तास गाडी चालवायची नाही, महत्त्वाच्या कागदावर सही करायची नाही. शिवाय मिडॅझोलाम श्वास मंदावू शकतं, म्हाताऱ्या माणसात आणि झोपेत जोरात घोरणाऱ्यात जास्तच. बोटाला ऑक्सिजनचा क्लिप, नाकाला ऑक्सिजन आणि औषधाचा परिणाम उलटवणारं फ्लुमाझेनिल हाताशी हवं. आणि ज्याचे दोन्ही हात तोंडात गुंतलेले आहेत त्याच्यावरच श्वास बघायचंही काम टाकू नये, असं माझं ठाम मत आहे. त्यासाठी दुसरा माणूस हवा, ज्याला तेवढंच काम आहे.

सिडेशनचा दुसरा मार्ग म्हणजे नायट्रस ऑक्साईड. नाकावर छोटा मास्क, ऑक्सिजनबरोबर तो वायू. हात-पाय उबदार वाटतात, सगळं जरा लांबून चाललंय असं होतं, आणि बंद करून पाच मिनिटं नुसता ऑक्सिजन दिला की माणूस लगेच भानावर येतो. सुईला घाबरणाऱ्यांसाठी मला हा सर्वांत आवडतो, कारण त्याला शीर लागत नाही. त्याचं यंत्र मात्र आमच्या भागात मोजक्याच दवाखान्यांत आहे.

आणि त्याची सुरुवात एका दाढेपासूनच झाली. अमेरिकेतल्या हार्टफर्डला होरेस वेल्स नावाचे दातांचे डॉक्टर होते. १० डिसेंबर १८४४ च्या रात्री ते गार्डनर कोल्टन यांचा 'हसवणाऱ्या वायू'चा खेळ बघायला गेले. वायू घेऊन नाचणाऱ्या एकाचा पाय आपटून सोलवटला, रक्त आलं आणि त्याला पत्ता नव्हता. बाकीचे हसत होते, वेल्स यांनी तो पाय बघितला. दुसऱ्या दिवशी ते स्वतः खुर्चीत बसले, कोल्टन यांनी वायू दिला आणि जॉन रिग्ज यांनी वेल्स यांची अक्कलदाढ काढली. दुखलं नाही. पुढच्याच महिन्यात बॉस्टनच्या प्रात्यक्षिकात पेशंट ओरडला आणि जमलेल्यांनी वेल्सना भोंदू ठरवलं. त्या पेशंटने नंतर सांगितलं म्हणतात की फारसं दुखलं नव्हतं. हलक्या भुलेत माणूस कण्हतो, ओरडतो आणि त्याला ते माहीतही नसतं, हे आम्ही रोज बघतो. १८४५ मध्ये ते कुणाला ठाऊक नव्हतं. १६ ऑक्टोबर १८४६ ला वेल्स यांचेच जुने भागीदार विल्यम मॉर्टन यांनी ईथरचं प्रात्यक्षिक यशस्वी केलं. तो दिवस आज जगभर भूलदिन म्हणून पाळतात. वेल्स १८४८ मध्ये फार दुःखात गेले. मला वाटतं, भूलदिनाला त्यांचं नाव आधी घ्यावं.

पूर्ण भूल कुणाला? ज्याच्या दाढा हाडात खोल आडव्या रुतल्या आहेत आणि काम लांबणार आहे. ज्याच्या दाढेभोवती मोठी गाठ झालीय. आणि ज्याला खुर्चीत बसणंच शक्य नाही. मिरजेत एक आई पंचविशीतल्या स्वमग्न मुलाला घेऊन आली होती. तो बोलत नव्हता, नुसता गाल धरून भिंतीवर डोकं आपटत होता. दाढ दुखते हे तिने ओळखलं, तेही तो डाव्या बाजूने खाईना यावरून. त्याला काय आवडतं, काय सोसत नाही, मी तिलाच विचारलं. पांढरे कोट नकोत, ट्यूबलाइट नको, कपाळावर हात ठेवलेला चालतो. आम्ही ओटीतला मोठा दिवा बंद ठेवला, आई त्याला झोप लागेपर्यंत आत राहिली, हात कपाळावर.

दाढ काढणारा आणि मी, दोघांनाही तोंडच हवं असतं. म्हणून श्वासाची नळी मी नाकातून घालते. आधी नाकात थेंब, म्हणजे आतली त्वचा आकसते आणि रक्त येत नाही. नळी कोमट सलाइनमध्ये मऊ केलेली. ती नाकाच्या तळाने सरळ मागे सरकवायची, घशात दिसली की वाकड्या चिमट्याने धरून श्वासनळीत वळवायची. मग घशात ओल्या गॉजची पट्टी, रक्त आणि हाडाचा चुरा खाली जाऊ नये म्हणून. तिचं टोक तोंडाबाहेर ठेवायचं आणि भिंतीवरच्या फळ्यावर सिस्टरने लिहायचं, 'घशात पॅक आहे.' तो काढून, मोजून, फळ्यावरचं पुसल्याशिवाय मी भूल उतरवत नाही. घशात राहिलेला पॅक श्वास बंद करू शकतो, यात कुणाच्या आठवणीवर विसंबून चालत नाही. पूर्ण भुलेतही डॉक्टर दाढेजवळ लिग्नोकेन टोचतात, याचं लोकांना नवल वाटतं. त्यामुळे रक्त कमी येतं आणि जागं झाल्यावर पहिले दोन-तीन तास दुखत नाही. त्या मुलासाठी तर ते फारच गरजेचं होतं, कारण दुखतंय हे त्याला सांगता आलं नसतं.

उपाशीपोटी राहण्याबद्दल मी कठोर आहे. जेवण सहा तास आधी बंद, नुसतं पाणी दोन तास आधीपर्यंत. "दाढच तर काढायचीय, घोटभर चहा दिलाय पोराला," असं दारात कळलं की ऑपरेशन पुढे जातं, मग कितीही रागावले तरी. भुलेत पोटातलं वर येऊन फुप्फुसात गेलं तर काय होतं ते मी पाहिलेलं आहे.

आमच्या भागात आणखी एक अडचण येते, ती गुटख्याची. महाराष्ट्रात त्यावर २०१२ पासून बंदी आहे, तरी विशी-तिशीतली पोरं गालात पुडी ठेवून येतात. सुपारीने गालाची आतली त्वचा वर्षानुवर्षं कडक होत जाते, पांढरे पट्टे पडतात, तोंड हळूहळू मिटत येतं. सूज असेल तर ती औषधाने उतरते, हे उतरत नाही. नेहमीचं इंजेक्शन द्यायला तोंड पुरेसं उघडत नाही. अशा वेळी दात मिटलेले असताना गालाच्या आतून सुई नेण्याची एक पद्धत आहे, अकिनोसी यांनी १९७७ मध्ये मांडलेली, ती उपयोगी पडते. पण दाढ काढायला हत्यार आत जायला हवं, आणि तेवढी फटही नसली तर पूर्ण भूल येते. पुन्हा तोच पेच, नळी कशी घालायची? मग माणूस जागा असतानाच नाक-घसा बधिर करून, दुर्बिणीच्या बारीक दोरीवरून नळी श्वासनळीत न्यावी लागते, आणि ती जागेवर बसल्यावरच झोपवायचं. ही साधनं सगळीकडे नाहीत. एक अठ्ठावीस वर्षांचा ट्रकचालक मला म्हणाला, "मॅडम, दाढंसाठी एवढं?" मी त्याला आरसा दिला आणि त्याची दोन बोटं त्याच्याच दातांमध्ये घालायला सांगितली. गेली नाहीत. तो बराच वेळ आरशाकडे बघत होता. नंतर त्याने पुडी सोडली की नाही ते मला माहीत नाही. दाढ मात्र तशीच नळी घालून निघाली.

परदेशातल्या नातेवाइकांचे फोन येतात. न्यू जर्सीहून मावशी सांगते, "आमच्याकडे मुलांच्या चारही एकदम झोपवूनच काढतात." खरं आहे. अमेरिकेत मुखशल्यचिकित्सकांच्या स्वतःच्या दवाखान्यातच शिरेतून भूल देण्याची मोठी परंपरा आहे आणि त्यांचं शिक्षणही तसं होतं. ब्रिटनने उलट केलं, २००१ च्या अखेरीस दातांच्या दवाखान्यातली पूर्ण भूल बंद करून ती फक्त हॉस्पिटलमध्ये ठेवली. दोन्हीकडची माणसं शहाणी आहेत. पण मावशीच्या फोनवरून इथे भूल ठरवू नये. इथे पूर्ण भूल म्हणजे रक्ताच्या तपासण्या, हॉस्पिटलचा दिवस, माझी फी, आणि विम्यात दाढ बसेलच असं नाही. तासगावच्या त्या बागायतदाराला ऑक्टोबर छाटणी चालू असताना एक दिवसही मोडायचा नव्हता. त्याला काय कळायला नको ते विचारलं, तर तो म्हणाला, "सुई घशात टोचत्यात म्हणं, त्याचं भ्या वाटतंय." सुई घशात जात नाही, गालाच्या आत मागे जाते, हे बोटाने त्याच्याच गालावर दाखवलं. नुसत्या बधिरतेवर दाढ निघाली आणि दुपारी तो बागेत होता. अजून अर्धा ओठ बधिर असेल, गरम चहा पिऊ नका आणि ओठ चावला जाऊ देऊ नका, एवढं मात्र मी दोनदा सांगितलं.

चारही दाढा एकदम काढाव्यात का, यावर डॉक्टरांचं आणि माझं अजून एकमत नाही. ते म्हणतात, एकदा झोपवलंच आहे तर सगळ्या काढू, माणसाची पुन्हा येण्याची धास्ती जाते, खर्च एकदाच होतो. यात तथ्य आहे, आणि त्या स्वमग्न मुलाच्या बाबतीत आम्ही दोघांनी तसंच ठरवलं. पण धडधाकट माणसाला मी म्हणते, आधी एक बाजू बधिर करून काढा. दुसऱ्या बाजूने जेवता येतं. सूज एकाच गालाला येते. आणि मुख्य म्हणजे पहिली बाजू झाली की काय काय कळतं आणि काय कळत नाही, हे त्याला स्वतःला ठाऊक होतं. मग दुसऱ्या बाजूची भूल तोच ठरवतो. जतच्या बाई दुसरी दाढ काढायला आल्या तेव्हा मी शेजारी असावं का, असं डॉक्टरांनी त्यांना विचारलं. त्या म्हणाल्या, "नको, मॅडमना दुसरीकडे काम असेल."